मेल्या कुणाला म्हणालात?

"मेल्या," ती सूक्ष्मदर्शकावरून डोळा न उचलता म्हणाली. "अखेर मेल्या."

इन्क्युबेटरच्या मागून एक डोकं वर आलं.

"मला म्हणालात?"

ती इतकी दचकली की बसल्या जागी स्टूल मागे सरकलं. खोलीत आपण एकटेच आहोत अशी तिची पक्की समजूत होती. दार तिने स्वतः लावलं होतं. आणि आता भिंत आणि इन्क्युबेटर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून एक माणूस उभा राहत होता. डोक्याला कागदी टोपी, हातात स्क्रू-ड्रायव्हर, कोपराला धूळ.

"कोण तुम्ही? आत कसे आलात?"

"दारातून. तुम्ही यायच्या आधीपासून आहे. गॅसची नळी बदलतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही डोळा लावून बसला होतात. म्हटलं, मध्येच बोललो तर काहीतरी बिघडायचं." तो जरा थांबला. "पण 'मेल्या' ऐकलं आणि उठलो. सवय आहे. घरी मला तेच म्हणायचे."

"मी तुम्हाला नाही म्हटलं. पेशी मेल्या."

"अरेरे."

"अरेरे काय? मरायलाच हव्या होत्या. कर्करोगाच्या आहेत."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सूक्ष्मदर्शकाकडे. मग टोपी काढून खिशात घातली, जणू आता मेकॅनिक नाही, पाहुणा आहे. "मग अभिनंदन. कशा मेल्या?"

असं इथे कोणी विचारत नसे. विचारलं तरी उत्तराला थांबत नसे. म्हणूनच असेल, ती सांगू लागली. प्रत्येक पेशीच्या आत तिच्या मरणाची सोय केलेली असते. काही प्रथिनं असतात, वेळ आली की ती पेशीला आतून आवराआवर करायला लावतात. रोज आपल्या अंगात अशा कितीतरी पेशी निमूट मरतात, म्हणून आपण धड असतो. कर्करोगाच्या पेशीत ही प्रथिनं दाबून ठेवलेली असतात. त्यांना मोकळं करणारं एक औषध तिच्या विभागात तपासलं जात होतं, आणि आज पहिल्यांदा ते चाललं होतं.

"आणि ज्या पेशी वेळ नसतानाच मरतात?" त्याने विचारलं. "मेंदूतल्या वगैरे?"

प्रश्न फार चटकन आला. आधीपासून तयार ठेवल्यासारखा. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तो वेगळा विषय आहे," ती म्हणाली आणि पुन्हा डोळा लावून बसली.

पण भिंगाखाली काय दिसतंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. पाठीमागे स्क्रू पिळल्याचा बारीक आवाज येत होता, आणि मध्येच तो आवाज थांबे. तो थांबला की हा माणूस आता काय करतोय, असं तिला वाटे.

लॅबमध्ये तिला शंकाबाई म्हणत. मागून सगळेच म्हणत. लॅबचे जुने शिपाई काका तेवढे तोंडावर 'शंकाताई' म्हणत. नाव तिने कमावलं होतं. निकाल चांगला आला की ती म्हणे, पुन्हा करून बघू. पुन्हा चांगला आला की म्हणे, आता जरा जास्तच चांगला आहे. विभागप्रमुख सरांना तिचा हा गुण कामात आवडे आणि चहाच्या वेळी सोसत नसे.

त्यामुळे पुढच्या आठवड्यात जे झालं, ते तिच्याच वाट्याला यावं हे बरोबर होतं. प्रयोगात पेशींचे दोन गट होते. एकाला औषध, दुसऱ्याला काही नाही. औषध दिलेल्या मरायला हव्यात आणि न दिलेल्या जगायला हव्यात, तरच त्याला अर्थ. त्या सकाळी तिने पेशी उबेत वाढवायचा तो इन्क्युबेटर उघडला, प्लेट्स भिंगाखाली ठेवल्या आणि पाहिलं, तर दोन्ही गट साफ झाले होते. औषध न दिलेल्या पेशीसुद्धा तळ सोडून वर तरंगत होत्या.

तिने इन्क्युबेटरच्या दाराला नाक लावलं. आत कसला तरी वास होता. लिंबासारखा.

"काका, त्या मेकॅनिकला बोलवा."

"बिघडलं का काही?"

"बिघडलं की बिघडवलं, तेच बघायचंय."

तो तासाभरात आला. ती दारातच उभी होती.

"आतून काही फवारलंत का तुम्ही?"

"हो," तो म्हणाला. लगेच म्हणाला, इकडे तिकडे न बघता. "जाता जाता पुसून दिला. कोपऱ्यात बोटांचे डाग होते."

"कशाने पुसलात?"

"काचा पुसायचं असतं ना, ते. माझ्या पिशवीतलं." तिचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली गेला. "चकचकीत दिसावा म्हणून..."

"कोणाला?"

 त्याचे कान लाल झाले.

"त्या वाफेनं माझ्या सगळ्या पेशी गेल्या. ज्या जगायला हव्या होत्या त्या गेल्या. कळतंय का तुम्हाला? माझा सगळा आठवडा पाण्यात गेला."

"मी भरून देतो."

"पेशी? कुठून भरून देणार?"

"ते नाही जमणार," तो म्हणाला. "पण आतल्या फळ्या काढून गरम पाण्याने धुऊन देतो. वास जाईपर्यंत रोज येऊन बघतो. त्याचं बिल लावणार नाही."

"तुम्ही इन्क्युबेटरपासून लांब राहिलात तरी पुष्कळ झालं."

तो लांब राहिला नाही. फळ्या काढल्या, धुतल्या, उन्हात नव्हे, पंख्याखाली वाळवल्या, कारण उन्हात धूळ बसते असं तिने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी आला, इन्क्युबेटरला नाक लावलं, "अजून आहे" म्हणाला आणि गेला. तिसऱ्या दिवशीही "अजून आहे." तिने स्वतः हुंगून बघितलं. वास केव्हाच गेला होता.

"तुम्हाला सर्दी झालीय का?" तिने विचारलं.

"नाही. का?"

"मला तर काहीच वास येत नाही."

"तुम्हाला सवय झालीय," तो गंभीरपणे म्हणाला. "बाहेरच्या माणसाला येतो."

काका फरशी पुसता पुसता हसले. "शंकाताई, हा माणूस तुमच्यासाठी येतो."

"पुरावा काय?"

"आता काय, अर्ज करून घेऊ का त्याच्याकडून?"

 त्या दिवशी घरी जाताना तिने खिडकीच्या काचेत केस बघितले, आणि आपण हे का करतोय असा स्वतःचाच तिला संशय आला.

कँटीनमध्ये चहाला तो पहिल्यांदा तिच्या समोर बसला तेव्हा टेबलाला एक पाय आखूड होता. त्याने कागदाची घडी करून खाली सरकवली. मग टेबल दुसऱ्या बाजूला हललं.

"मेकॅनिक ना तुम्ही?"

"यंत्रांचा. टेबलांचा सुतार वेगळा असतो." त्याने कप उचलला. "ते प्रथिनांचं अर्धं राहिलं होतं तुमचं."

"तुम्हाला कशाला हवंय ते?"

"उगाच. तुम्ही सांगता तेव्हा बरं वाटतं ऐकायला."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो चहात बघत होता. खरं बोलतोय की ताकास तूर लागू देत नाहीये, कळेना. शेवटी तिने सांगितलं, अगदी सोपं करून. एक प्रथिन मारणारं असतं. दुसरं त्याचा हात धरून ठेवणारं. जोवर हात धरलेला आहे, तोवर पेशी जिवंत. कर्करोगात हात धरणारे फार होतात आणि पेशी मरतच नाहीत.

"आणि मेंदूच्या आजारांत?"

"तिथे बरंच काही होतं, सगळं कळलेलं नाही. पण एक गोष्ट अशी, की हात लवकर सुटतो."

"मग हात धरणारा पाठवता येत नाही का तिथे? औषधाने?"

"लोक प्रयत्न करतायत. आज तरी नाही."

"आज तरी नाही," तो पुटपुटला.

टेबलाखाली काहीतरी हलत होतं. तिने वाकून पाहिल्यासारखं न करता पाहिलं. त्याचा डावा हात मांडीवर होता आणि तो अंगठ्याने एकेका बोटाच्या टोकाला शिवत होता. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मग उलट. सावकाश, अगदी मन लावून, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने.

तिने डोळे वर केले तेव्हा तो हसून म्हणाला, "चहा गार झाला तुझा."

तुझा... तो बोलून गेला आणि दोघंही एकदम कपाकडे बघायला लागली.

"तुमचा," त्याने दुरुस्त केलं.

"राहू दे," ती म्हणाली. "टेबलासारखंच होईल. एका बाजूने सरळ केलं की दुसऱ्या बाजूने हलायचं."

त्यानंतर ते 'तू' वर आले. पण शंका जायचं नाव घेईना. उलट, 'तू' म्हणायला लागल्यापासून ती वाढली. काकांनी सांगितलं की मेंदूच्या आजारांवर सरांचं व्याख्यान कधी आहे, हे तो विचारत होता. व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात सगळ्यात मागच्या ओळीत तो खरंच दिसला. मांडीवर कागदी टोपी घेऊन बसला होता. तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पडद्यावरच्या आकृत्यांकडे तो असा बघत होता, जसं कुणी स्वतःच्या घराच्या जप्तीची नोटीस वाचत असावं.

नंतर सरांनी तिला बाजूला घेतलं. "तो मेकॅनिक तुमच्या ओळखीचा आहे का?"

"येतो दुरुस्तीला."

"मला येऊन बरेच प्रश्न विचारत होता. आपलं औषध अजून जाहीर झालेलं नाही. बाहेरच्या माणसासमोर जरा जपून."

ती घरापर्यंत तोंड पाडून गेली. सगळं जुळत होतं. नसलेला वास, प्रत्येक वेळी प्रथिनांचा विषय, मागची ओळ. दुसऱ्या कुठल्या लॅबने पाठवलेला असेल. किंवा कुठल्या कंपनीने. आणि आपण मूर्खासारखं त्याला हात धरण्याच्या गोष्टी सांगत बसलो. तिला राग आला, आणि त्या रागाखाली असं काहीतरी दुखत होतं, ज्याला पुराव्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला. लॅबच्या मागे सायकली लावायची पत्र्याची शेड होती. तो तिथे पावसाच्या उघडीपीची वाट बघत उभा होता, पिशवी पोटाशी धरून. ती छत्री घेऊन सरळ त्याच्यापाशी गेली.

"तू कोणासाठी काम करतोस?"

"म्हणजे?"

"सरळ सांग. आमच्या प्रयोगांचं कोणाला सांगतोस?"

पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की तिला जवळजवळ ओरडावं लागलं. त्याने आधी हसून घेतलं. मग तिचा चेहरा बघून हसणं थांबवलं.

"आईला," तो म्हणाला.

"थट्टा नकोय मला."

"थट्टा नाही. आईला सांगतो. तिला कळतं की नाही, माहीत नाही. बोलता येत नाही तिला आता." त्याने पिशवी खाली ठेवली. "तिच्या मेंदूतल्या पेशी मरतात. हातपाय आपोआप उडतात, घास तोंडापर्यंत जात नाही. चाळिशीत सुरू झालं. आधी वाटलं, धांदरट झालीय. कपबशा फुटायच्या आणि आम्ही हसायचो. आजोबांना, म्हणजे तिच्या वडिलांनाही तेच होतं."

 तिला त्या आजाराचं नाव माहीत होतं. तो कसा पुढे जातो, हेही.

"मला 'मेल्या' म्हणायची ती," तो म्हणाला. "सकाळी उठवायचीच तशी. मेल्या, ऊठ. बोलणं गेल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तू म्हणालीस आणि मी काय उठलो... नट हातातून पडला. तो अजून तुमच्या इन्क्युबेटरखाली असेल."

"आणि तू?" तिने विचारलं. "तुझी तपासणी?"

"नाही केली."

"म्हणजे निम्मी..."

"निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं. नाणं वर आहे अजून." त्याने डावा हात वर धरला आणि अंगठा एकेका बोटाला लावला. "रोज बघतो. नीट लागलं की दिवस चांगला जातो."

 तिच्या तोंडातून भलतंच निघालं. "म्हणजे तू माझ्यासाठी येत नव्हतास. प्रथिनासाठी येत होतास."

"पहिल्या दिवशी प्रथिनासाठी," तो म्हणाला. "पण इन्क्युबेटर पुसला तोही पहिल्याच दिवशी. आता तूच ठरव, कुठल्या गटात टाकायचं मला."

तिला हसू आलं नाही. आलं असतं तर सोपं गेलं असतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की माणसं माझ्या हातांकडे बघतात. तू तोंडाकडे बघून बोलायचीस. म्हटलं, होईल तेवढे दिवस..." त्याने पिशवी उचलली. "पुढच्या महिन्यात तपासणी करून घेतोय. निकाल चांगला आला तर तुला एक गोष्ट विचारायची आहे. तोवर काही विचारणार नाही."

"आणि वाईट आला तर?"

"तर नवीन मेकॅनिक येईल तुमच्याकडे. चांगला माणूस आहे. पुसापुशी करत नाही."

तो भर पावसात निघून गेला. आणि ती जाणाऱ्या माणसाच्या हातांकडे बघत राहिली. पिशवी धरलेला हात हलतोय का, चालण्यामुळे हलतोय की... मग आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने मान फिरवली.

घरी ती आणि बाबा दोघंच असत. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. डोळ्याचा नंबर विचारून भिंग घासायचं, बसवायचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. आई जाऊन आता बरेच दिवस झाले होते. ती होती तेव्हा घरात मीठ जपून पडायचं, कारण तिचा रक्तदाब. बाबा डोळ्यात तेल घालून बघायचे. लोणचं दिसलं की बरणी उचलून माळ्यावर. आता हवं तेवढं मीठ घालायला हरकत नव्हती, तर बाबांना सगळं खारट लागे.

त्या संध्याकाळी ती ताटातली भाजी चिवडत बसली.

"तो नळीवाला आला नाही का आज?" बाबांनी विचारलं.

"कोण नळीवाला?"

"तू रोज ज्याच्यावर संशय घेतेस तो. महिनाभर ऐकतोय मी. आज नाव नाही काढलंस म्हणून विचारलं."

तिने सगळं सांगितलं. आजाराचंही. बाबा जेवायचे थांबले नाहीत, पण घास लहान घेऊ लागले.

"बाबा, तुम्हाला आधी कोणी सांगितलं असतं की आई इतक्या लवकर जाणार, तर?"

 बाबा पाणी प्यायले.

"तर मी तिचं लोणचं माळ्यावर टाकलं नसतं," ते म्हणाले. "तेवढ्यावरून आमची भांडणं व्हायची. रक्तदाबाला इतकं जपलं आम्ही. आणि गेली कशाने? साध्या तापाने. ज्याची भीती धरली ते बाजूलाच राहिलं."

"लग्न केलं असतंत?"

"तिच्याशी? हो. म्हणजे काय." त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने भिंगाला काच लागते का असं विचारलं होतं. मग आवाज जरा उतरला. "पण तुला सोपं आहे असं म्हणणार नाही मी. तू वाचलेलं आहेस सगळं. त्या आजारात माणूस उशाशी बसून थकतो. मला बाप म्हणून विचारशील तर नको म्हण, असंच येतं तोंडात."

"मग म्हणा ना."

"म्हणून काय उपयोग? मी म्हटलं आणि तू ऐकलंस तर तुला जन्मभर वाटेल, बाबांनी अडवलं. तुझं तू बघ. फक्त दया येऊन काही करू नकोस. दयेवर घर चालत नाही. तुझ्या आईला सोडायला गेलो होतो दवाखान्यात, तेव्हा दया नव्हती आली. रागच आला होता, की मला न विचारता आजारी पडलीस कशी." त्यांनी ताट उचललं. मोरीपाशी ते बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

पुढचे दिवस तिने स्वतःवर नजर ठेवली. दया आहे का? असती तर तो आठवला की वाईट वाटलं असतं. वाईट वाटत होतंच, पण त्याआधी हसू येत होतं. सर्दी नसलेल्या त्या नाकाचं. घाबरतोय का आपला जीव? घाबरत होता, भरपूर. पण इन्क्युबेटर बंद पडावा असंही वाटत होतं, आणि तो मेला नेमका सुरळीत चालला होता. औषध न दिलेल्या पेशी जगत होत्या, दिलेल्या मरत होत्या. सर खूश होते. काका म्हणाले, "शंकाताई, आता तरी पटलं का?" तर ती म्हणाली, "पुन्हा करून बघते," आणि तिचं तिलाच ते वाक्य कंटाळवाणं वाटलं. काही गोष्टी पुन्हा करून बघता येत नाहीत. काही गोष्टींत दुसरा गटच नसतो.

शनिवारी दुपारी ती पत्ता विचारत त्याच्या वर्कशॉपवर गेली. खाली एक लांब खोली, वर घर. आत फ्रिजचे उघडे सांगाडे, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, आणि मधोमध तो, फरशीवर मांडी घालून, एका पंपाशी झटत. तिला बघून उठायला गेला आणि नळीत पाय अडकला. सावरला. मग लगेच तिच्याकडे बघितलं, हे अडखळणं तिने कसं घेतलं ते पाहायला.

"नळी पायातच ठेवली होतीस," ती म्हणाली. "कोणीही पडलं असतं."

त्याचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला.

"बस ना," तो म्हणाला. बसायला एक उलटा क्रेट होता. त्याने तो पुसायला फडकं घेतलं, मग तिच्याकडे बघून ठेवून दिलं. "तसाच बरा आहे."

ती बसली. बोलायचं ठरवून आली होती, तरी सुरुवात सापडेना.

"तपासणी कधी?"

"पुढच्या आठवड्यात रक्त देणार. मग निकालाला वेळ लागतो."

"आणि निकाल चांगला आला की मला विचारणार."

"हो."

"वाईट आला की नाही विचारणार."

"नाही."

"म्हणजे मी नाही म्हणेन की हो, हे तू नाही ठरवत, मी पण नाही ठरवत. रक्ताची बाटली ठरवते."

"तुला त्रास नको म्हणून—"

"मला काय नको ते मला विचार." तिचा आवाज चढला, मग तिने तो आवरला. "हे बघ. मला सवयच आहे तशी, तू ऐकलं असशील काकांकडून. निकाल चांगला आला, तू विचारलंस, मी हो म्हटलं, तर मला कायम वाटत राहील, मी तुला हो म्हटलं की निकालाला? आणि तुलाही वाटेल. वाटेल की नाही?"

तो पंपाकडे बघत राहिला. "वाटेल."

"ही शंका मला घरात नकोय. बाकीच्या चालतील. म्हणून आत्ता विचार. निकालाच्या आधी."

"आत्ता?" त्याने ग्रीस लागलेले हात बघितले. "असं?"

"मग काय, त्या फळ्यांसारखं गरम पाण्यात धुऊन घेऊ तुला?"

तो हसला. मग हसता हसता त्याचे डोळे भरले, आणि पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून त्याने ते खांद्याला टिपले.

"तू नीट विचार केलायस?" तो म्हणाला. "मला झालं तर... आई कशी आहे ते तू बघितलेलं नाहीस. पुस्तकात वेगळं असतं. आणि मुलांचं..."

"मुलांचं डॉक्टरांना विचारू. त्यावर काही मार्ग आहेत, मी वाचलंय. भीती वाटते का म्हणशील तर वाटते. काल दिवसभर वाटली. पण तू येत नाहीस याचं जास्त वाईट वाटलं. आता आणखी पुरावा नाही माझ्याकडे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो उठून उभा राहिला, शर्ट खाली ओढला.

"माझ्याशी लग्न करशील?"

"हो."

तिने हे इतक्या लगेच म्हटलं की तो पुढचं वाक्य जुळवत होता ते तसंच राहिलं.

"आणि तपासणी?" त्याने विचारलं.

"ती तुझी. करायची तर कर, नको तर नको. गेलास तर मी सोबत येईन आणि बाहेर बसेन."

मग वरून हाक आली. त्याची मावशी होती, आईजवळ राहून तिचं सगळं करणारी. "अरे, जेवायची वेळ झाली तिची. येतोस ना धरायला?"

दोघं जिना चढून गेली. वरची खोली लहान आणि स्वच्छ होती. खिडकीपाशी उशांच्या आधाराने त्याची आई बसली होती. खांदे, मान, हात, काहीच एका जागी राहत नव्हतं, जणू अंगातून वारा जात होता. डोळे मात्र स्थिर होते, आणि ते दारातल्या नव्या बाईवर येऊन थांबले.

"ही कोण?" मावशीने विचारलं.

त्याने तोंड उघडलं. लॅबमधल्या बाई म्हणावं, की काय म्हणावं, त्याला सुचेना.

"मी याची होणारी बायको," ती म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघत राहिली.  मग तिने वाटी आणि चमचा पुढे केला. "मग ये बस. ओढणी खोच आधी, अंगावर सांडतं."

तिने ओढणी कमरेला खोचली. तो आईच्या मागे बसला आणि दोन्ही हातांनी तिची मान हलकेच धरली. ती चमचा घेऊन पुढे वाकली. आईचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून हटले नव्हते. कसली तरी परीक्षा चालली होती, आणि ती घ्यायचा त्यांना हक्क होता.

पहिला घास सांडला. दुसऱ्याला ती जरा थांबली, मान एका बाजूला जाऊन परत यायची वाट पाहिली, आणि चमचा पुढे केला. घास आत गेला.

"आता तिसरा," मावशी म्हणाली. "घाई करू नकोस."